ओळीतली पहिली खोली

परवा आमच्याकडे एक कार्यक्रम झाला. मला पुढच्या रांगेत खुर्ची दिली होती, म्हातारी माणसं पुढं बसवायची असतात म्हणून. एक साहेब भाषणाला उठले आणि म्हणाले, राजूर म्हणजे छोटा भारत. तेलंगी आले, छत्तीसगडी आले, बिहारचे आले, उत्तरेकडचे आले, इथले गोंड, कोलाम, मराठी, सगळे कोळशाच्या खदानीपायी एकत्र आले आणि एका कुटुंबासारखे राहिले. टाळ्या पडल्या. माझ्या बाजूच्या बाईनं तर उठून टाळ्या वाजवल्या. मी माझे हात मांडीवरच ठेवले.

राग आला की मला अजूनही जेवण जात नाही. त्या दिवशी घरी येऊन भात तसाच झाकून ठेवला. सून म्हणाली, आता या वयात कशाचा राग करता, साहेब चांगलंच तर बोलले. चांगलंच बोलले, तोच तर राग आहे. तो साहेब जन्मायच्या आधी मी त्या ओळींमध्ये राहिलेली बाई आहे. कुटुंब कसं जमलं तेही मी पाहिलं आणि कसं फाटलं तेही पाहिलं. म्हणून लिहिते. शाळा माझी दोन वर्गाची, पुढचं वाचणं मी दुकानातल्या पुड्यांच्या कागदावर शिकले, तेव्हा बोलते तसंच लिहिणार, कोणी चुका काढत बसू नये.

आम्ही मूळचे मारेगावकडचे. छप्पन साली माझे बाबा आमच्या वस्तीतल्या माणसांसोबत नागपूरला गेलते आणि बौद्ध होऊन आले. आल्यावर त्यांनी घरातले देव फडक्यात बांधून नदीत सोडले आणि गावात सांगितलं, की आजपासून मेलेल्या ढोराला आम्ही हात लावणार नाही. गावानं ऐकून घेतलं, भांडण वगैरे काही केलं नाही. फक्त आम्हाला कामावर बोलावणं बंद केलं. कापूस फुटून शेतं पांढरी झाली, तरी दुसऱ्या गावाहून वेचायला बाया आणल्या, आणि आमच्या बायांना बांधावर उभं केलं नाही. असं दोन हंगाम काढले. मग कोणीतरी सांगितलं, राजूरले खदानीत माणसं घेऊन राह्यले, अन् जात विचारत नाहीत.

जात विचारत नव्हते, हे खरं होतं. त्याचं कारणही सांगते. कोणाचं मन मोठं होतं म्हणून नव्हे. खाली जाऊन कोळसा फोडायला माणसं कमी पडत होती, म्हणून. जुनं राजूर लहानसं गाव, चुन्याच्या भट्ट्या आणि थोडी शेती. त्या गावाच्या बाजूला खदानीवाल्यांनी खोल्यांच्या ओळी बांधल्या होत्या, विटांच्या भिंती आणि वर कौलं. भरतीचा ट्रक यायचा, त्यातून बायामाणसं, लेकरं, गाठोडी, कोंबड्या उतरायच्या, आणि मुकादम जी खोली रिकामी असेल ती दाखवायचा. ज्याला जी मिळाली ती त्याची. त्यामुळे आमच्या ओळीत अशी सरमिसळ झालती, की कोणी ठरवून केली नसती. पहिली खोली आमची. तिच्याशेजारी बिलासपूरकडचं जोडपं. त्यापुढं एक तेलंगी कुटुंब, तिथल्या बाईला सगळी ओळ अक्का म्हणायची. त्यापुढं एक गोंड म्हातारा-म्हातारी, मग गंगेकडचे दोन भाऊ, आणि असंच पुढं. दर महिन्याला नवा ट्रक, नवी बोली. मी तेव्हा तेरा-चौदा वर्षांची असेन. सकाळी ओळीतून चालत गेलं की एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चार भाषांमध्ये लेकरांना शिव्या ऐकू यायच्या, आणि सगळ्या समजायच्या.

नळ आमच्या खोलीच्या अगदी बाजूला होता. आमच्या मायला त्या नळाचं किती कौतुक होतं म्हणून सांगू. गावात तिनं आयुष्यभर विहिरीपासून लांब बसून वाट पाहिली होती, की कोणीतरी यावं, दया यावी आणि घागरीत ओतावं. इथं उठलं की दारातून बाहेर, हात लांब केला की तोटी. ती दिवसातून दहादा उगाच पाय धुवायची. बाबा हसायचे, म्हणायचे, "आता कातडं निघंन वं तुह्यं."

आणि दुसरी गोष्ट विस्तवाची.

ज्यानं कच्च्या कोळशावर स्वयंपाक केला नाही त्याला हे समजायचं नाही. कच्चा कोळसा लवकर पेटत नाही. खाली गोवऱ्या, वर काड्या, त्यावर कोळशाचे खडे, मग फुंकत बसा. तासभर नुसता पिवळा धूर, डोळ्यांतून पाणी. पण एखाद्या घरची शेगडी लाल झालेली असली आणि तिच्यातले दोन निखारे उचलून आपल्या शेगडीत ठेवले, की काम झटक्यात होतं. म्हणून खदानीच्या ओळीत सकाळी विस्तव मागायची पद्धत होती. हातात गोवरीचा तुकडा घेऊन जायचं, त्यावर निखारा ठेवून घ्यायचा, आणि वाऱ्याला आडवा हात धरून पळत यायचं. आमचे बाबा रातपाळीला असायचे. ते पहाटे वर आले की अंघोळीला गरम पाणी लागायचं, म्हणून ओळीत सगळ्यात आधी आमची शेगडी पेटायची. तर विस्तव आमच्याकडून निघायचा आणि घराघरातून पुढं सरकत शेवटच्या खोलीपर्यंत जायचा.

पहिल्यांदा मागायला आली ती बिलासपूरवाली शेजारीण. दारात उभी राहून म्हणाली, "बहिनी, आगी दे ना." माय तिच्याकडे पाहतच राहिली. आमच्या गावात आमच्या घरचा विस्तव कोणी घेत नव्हतं. आम्हाला हवा असला तर लांब उभं राहायचं, आणि कोणी चिमट्यानं जमिनीवर टाकला तर तो मातीतून उचलायचा. इथं ही बाई गोवरी पुढं करून उभी. मायनं चांगले मोठे तीन निखारे निवडून तिच्या गोवरीवर ठेवले. ती गेल्यावर माय चिमटा हातात धरून तशीच बसून राहिली, आणि मला म्हणाली, "नेला वं तिनं. घरात नेला." दुसऱ्या दिवशीपासून ती पंधरा मिनिटं आधी उठायला लागली, आणि गरज नसताना दुप्पट कोळसा टाकायची, कोणी रिकामं जाऊ नये म्हणून. अक्का यायची आणि निप्पू मागायची, शेजारीण आगी मागायची, गोंड म्हातारी नुसतीच गोवरी पुढं करायची, आणि आमचा इस्तो सगळ्यांना पुरायचा. ते वर्ष असं गेलं. त्या वर्षापुरतं साहेबांचं भाषण खरं आहे, तेवढं मी मान्य करते.

आता ते कसं मोडलं ते सांगते.

जुन्या गावातली एक बाई आमच्या ओळींमध्ये दूध घालायला यायची. अंगानं मोठी, बोलायला गोड, डोक्यावर चरवी. गावात कोण कुठून आलं, कोण कोणाचं, हे तिला सगळं माहीत. नव्या माणसांना तिचा आधार वाटायचा, कारण ती इथली. सगळ्यांच्या भांड्यात ती माप टेकवून दूध घालायची, आणि आमच्या भांड्यात मात्र हातभर वरून धार सोडायची. शिंतोडे उडायचे, दूध सांडायचं. माय सांडलेलं पुसून घ्यायची. एका सकाळी शेजारणीनं सहज विचारलं, यांच्याच भांड्यात वरून का घालता. मी नळावर भांडी घासत होते, माझ्या कानांनी ऐकलं. दूधवाली चरवी खाली ठेवून हसली आणि म्हणाली, "तुले कोणी सांगितलंच नाही काय? बाप्पा. अन् तू रोज इस्तो नेतं म्हणते तिच्या घरचा?"

मग ती हळू आवाजात बोलत राहिली. तिला मराठी-हिंदीची खिचडी करून बोलता येत होतं, चांगलंच येत होतं. आमचा धर्म बदलला तरी काय बदललं, गावात आम्ही कुठं राहायचो, काय ओढायचो, काय खायचो, सगळं सांगून झालं. बिचाऱ्या परक्या मुलखातल्या बाईला शहाणं केलं तिनं. आणि मला राग येतो तो इथंच येतो. शेकडो कोसांवरून माणसं आली होती. आमच्याविषयी त्यांना काही म्हणजे काही ठाऊक नव्हतं. ते रिकामे आले होते. त्या रिकाम्या जागेत आपलं जुनं भरायला या गावाला दुधाच्या एका फेरीचा वेळ पुरला.

दुसऱ्या दिवशी शेजारीण विस्तवाला आली नाही. तिच्या दारातून धूर निघत होता, खोकण्याचा आवाज येत होता. मायला वाटलं, तिला दिवस गेले होते, बरं नसेल. तिनं स्वतः गोवरीवर निखारे घेतले आणि तिच्या दारात गेली. मी मागं होते. शेजारीण आतून म्हणाली, "वहीं रख दो." मायनं उंबऱ्यावर गोवरी ठेवली. शेजारीण तांब्या घेऊन आली आणि आमच्या डोळ्यांदेखत तिनं त्या निखाऱ्यांवर पाणी ओतलं. चर्र झालं, वाफ उठली. तिनं आमच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. माय परत आली, शेगडीपुढं बसली, आणि तिनं भाकरी थापायला घेतल्या. त्या दिवशीच्या भाकरी सगळ्या कडेला फाटल्या होत्या.

मग एक एक करून सगळे बंद झाले. गंगेकडचे भाऊ आधी. गोंड म्हातारी येत राहिली काही दिवस, तिला ओळीतल्या बायांनी टोकल्यावर तीही यायची थांबली. अक्का शेवटपर्यंत येत होती, पण मागच्या बाजूनं, पदराआड गोवरी लपवून. एक दिवस ती म्हणाली, घरी माचिस आणली आहे. मायनं म्हटलं, "बरं झालं." अक्का थोडा वेळ उभी राहिली. मायनं वर पाहिलं नाही, तेव्हा ती गेली.

विस्तव थांबला तरी नळ होताच. प्रत्येकाला पाण्यासाठी आमच्या दारावरून जावं लागायचं. दूधवालीनं तेही सुचवलं, की खोल्या बदलून घ्या. असं बदलणं तोवर सुरू झालंच होतं. तेलंग्यांनी तेलंग्यांशेजारी खोल्या अदलाबदल करून घेतल्या, बिलासपूरवाल्यांची एक ओळ होत आली, गोंड-कोलामांना पार पाठीमागं सरकवलं. आणि आमच्या लोकांसाठी राखेच्या ढिगापलीकडची ओळ. तिथून नळ लांब, वारा सुटला की घरात राख. तिथं आमची बरीच घरं गेलीही होती, काही बोलणी खाऊन कंटाळून, काही आपल्या माणसांत बरं वाटतं म्हणून. लोकांनी त्या ओळीला आमच्या जुन्या जातीचं नाव पाडलं होतं, आणि दीक्षा घेऊन तीन वर्षं झाली तरी तेच नाव. अजूनही काही लोक तेच म्हणतात. मी ऐकलं की अजूनही भांडते.

मुकादमाकडे मागणी गेली, की पहिल्या खोलीतल्यांना तिकडं पाठवा. मागणी करणारी सगळ्यात पुढं आमची शेजारीण, कारण भिंत तिचीच लागून. मुकादम म्हणाला, दसरा होऊन जाऊ द्या, मग बसू.

बाबा जायला तयार होते. ते म्हणाले, कायले रोजचा अपमान पाहावा, तिकडं आपले लोक आहेत, वंदना होते, लेकरांना सोबत आहे. ते वाईट बोलत नव्हते. पण माय कधी नव्हे ती त्यांच्यावर उलटली. ती म्हणाली, "गावाबाहेरच राहाचं होतं तं गाव काहून सोडलं? मी इथून हलत नाही. मले उचलून नेजा." मायला त्या खोलीचं काय होतं ते मला तेव्हा कळलं. खोली काही मोठी नव्हती, पावसात गळायची. पण ती ओळीत होती. ओळीच्या बाहेर नव्हती.

दसऱ्याचा दिवस आला. त्या दिवशी आमची माणसं पांढरे कपडे घालून राखेपलीकडच्या ओळीत वंदनेला जमत. मायकडे एकच पांढरं लुगडं, नीळ देऊन कडक वाळवलेलं. वंदना करून आम्ही दोघी दुपारी परत आलो. बाबांची त्या आठवड्यात दिवसपाळी, ते कामावर, शेजारीण दसऱ्याचं सामान आणायला वणीला गेली होती, तिचा नवराही कामावर. ओळ रिकामी होती. मी आत पाणी पीत होते, माय दारात उभी होती.

रस्त्यावर भरतीचा ट्रक थांबला आणि त्यातून एक म्हातारी उतरली. काटकी, अंगावर मळकं लुगडं, डोक्यावर गाठोडं. तिनं कोणाला तरी विचारलं आणि ती आमच्या ओळीकडे आली. आमचं दार दिसताच तिनं पायातल्या चपला काढल्या आणि हातात घेतल्या. वाट सोडून कडेच्या धुळीतून चालत आली. आमच्या दारासमोर, पण चांगली लांब, जमिनीवर उकिडवी बसली. गाठोडं बाजूला ठेवलं. मायच्या पांढऱ्याशुभ्र लुगड्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. मग म्हणाली, "मालकिन, थोरकिन पानी पिया दे."

मायनं मला पाणी आणायला सांगितलं. मी पितळी गिलास भरून आणला. मायनं तो घेऊन म्हातारीपुढं धरला. म्हातारीनं तो घेतला नाही. तिनं दोन्ही हातांची ओंजळ केली, तोंडाजवळ धरली, आणि वाट पाहत बसली, की वरून कोणीतरी ओतावं.

माय जागच्या जागी थिजली. ती ओंजळ आमच्या घरात सगळ्यांना ओळखीची होती. कोपरं अंगाशी घट्ट, अंगठे आत, हनुवटी ओंजळीला टेकलेली, थेंब वाया जाऊ नये म्हणून. तशी ओंजळ तहान लागलेलं कोणतंही माणूस धरत नाही. ती लहानपणापासून शिकवावी लागते. माझी आजी तशीच धरायची, मायही धरायची, मीही गावात असताना धरत होते.

मायनं विचारलं, कोणाकडे आलात. म्हातारीनं बाजूच्या खोलीकडे हनुवटी केली आणि मुलाचं नाव सांगितलं. शेजारणीची सासू होती ती, सुनेच्या बाळंतपणाला आली होती.

तर असं. ज्या बाईनं आमच्या निखाऱ्यांवर पाणी ओतलं, तिच्या मुलखात तिच्या घरची जागा तीच होती जी आमची इथं. इतक्या लांबून कोणी ओळखणार नाही म्हणून तिनं ती जागा ट्रकमध्येच सोडून दिली होती. आणि तिची सासू ती जागा ओंजळीत घेऊन आली.

मायनं ओंजळीत पाणी ओतलं नाही. तिनं खाली बसून म्हातारीचे हात खाली केले, गिलास तिच्या हातात दिला आणि तिचे दंड धरून तिला उठवलं. म्हातारी घाबरली, नाही नाही म्हणत मागं सरली. मायनं तिला आत आणून खाटेवर बसवलं. म्हातारी खाटेच्या अगदी काठावर, पडेल अशी बसली आणि मायकडे पाहत गिलासातून पाणी प्यायली. मग चहा प्यायली. मग थोडी सरकून बसली. बोलायला लागल्यावर थांबेना. ट्रकमध्ये ओकारी कशी झाली, गावी तळं कसं आटलं, नातू झाला तर कोणाचं नाव ठेवणार. दर दोन वाक्यांनी मालकिन, मालकिन. मायनं एकदाही सांगितलं नाही, की मी मालकिन नाही. मी सांगायला तोंड उघडलं, तर तिनं माझा दंड असा दाबला की निळा झाला.

शेजारीण वणीहून आली ती थेट आमच्या दारात. आतून सासूचा आवाज ऐकला असेल. तिनं पाहिलं, सासू आमच्या खाटेवर, हातात आमची कपबशी. म्हातारी आनंदानं म्हणाली, की बघ, मालकिननं मला खाटेवर बसवलं, गिलासानं पाणी दिलं. हे शब्द ऐकले आणि शेजारणीचा चेहरा पांढरा पडला. तिला कळलं, की आम्हाला कळलं. ती सासूला म्हणाली, "चल दाई, घर चल," आणि तिला घेऊन गेली. दाई म्हणजे त्यांच्याकडे आई. जाताना गाठोडं विसरली. ते मायनं मला नेऊन द्यायला लावलं. शेजारणीनं दार अर्धं उघडून ते घेतलं, आणि माझ्याकडे असं पाहिलं, जसं माझ्या हातात गाठोड्याऐवजी विळा आहे.

बाबा आल्यावर मी त्यांना सगळं सांगितलं. बाबा इतके खूश झाले की सांगता येत नाही. म्हणाले, उद्या बैठकीत उभं राहून सगळ्यांपुढं सांग, मग पाहू कोण राखेपलीकडं जाते. मी तर रात्री मनातल्या मनात वाक्यं जुळवली होती. माय विळीवर भाजी चिरत होती.

बैठक नळाजवळच्या निंबाखाली झाली. मुकादम खुर्चीवर, बाकी सगळे खाली. दूधवालीही आली होती, चरवी न घेता, नुसती ऐकायला. मुकादमानं शेजारणीला उभं केलं आणि विचारलं, बोल, तुझी तक्रार काय आहे. ती उभी राहिली, पोटावर हात ठेवून. तिनं मायकडे पाहिलं. आयुष्यात मी इतकं घाबरलेलं माणूस दुसरं पाहिलं नाही. मायच्या तोंडून एक शब्द निघाला असता तर त्या बाईला त्याच दिवशी ओळ सोडावी लागली असती, आणि ज्या अक्काशी, ज्या भावांच्या घरांशी तिनं संबंध जोडले होते, त्यांनीच तिची भांडी नळावरून फेकली असती. माय नळाच्या तोटीकडे पाहत होती.

शेजारीण म्हणाली, "मुझे कुछ नहीं कहना."

दूधवाली उसळली, म्हणाली, परवापर्यंत तर तूच बोंबलत होती, आता काय झालं. शेजारीण खाली बसली. मी उठायला लागले तर मायचा हात माझ्या गुडघ्यावर होताच. मग मायच उभी राहिली. मला वाटलं, आता सांगते. बाबांनाही वाटलं. मायनं एवढंच म्हटलं, "मी खोली सोडत नाही. ज्याले आमच्या खोलीची भीत नको, त्यानं आपली खोली बदलावी. नळ खदानीचा आहे, कोणाच्या बापाचा नाही." मुकादमाला भांडण नकोच होतं. तक्रार करणारीच गप्प, म्हटल्यावर तो उठला आणि गेला.

खोली राहिली. पण पुढचं सांगितल्याशिवाय हे पुरं होत नाही, आणि पुढच्याचाच राग जास्त आहे.

मला वाटलं होतं, दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारीण गोवरी घेऊन येईल. माय लवकर उठली, शेगडी मोठी पेटवली. कोणी आलं नाही. बाजूच्या घरातून धूर निघत राहिला. पंधरा दिवसांत त्यांनीच खोली बदलली आणि ओळीच्या दुसऱ्या टोकाला गेले. आमच्याशेजारी राहायची तिला भीती वाटली असेल, की कधी तोंड सुटेल यांचं. पाण्याला मात्र यावंच लागायचं. एक दिवस ती म्हातारी घागर घेऊन आमच्या दारावरून गेली. मायनं हाक मारली, "दाई, कैसी हो." म्हातारी थांबली नाही. पायात चपला होत्या. पदर ओढून, अंग चोरून, आमच्या उंबऱ्यापासून लांबून गेली. कोणीतरी तिला आता आम्ही कोण ते सांगितलं होतं. सुनेनं सांगितलं असेल, नाहीतर दूधवालीनं.

मी आत येऊन भांडी आपटली. मी मायला म्हटलं, तू त्या दिवशी बोलली असतीस तर ही म्हातारी आज अशी गेली नसती. तू काहून नाही बोलली?

माय म्हणाली, "तिनं साठ वर्सं चपला हातात घेतल्या. आता पायात घालून राह्यली. चालू दे."

"आपल्या डोक्यावरून?"

"हाव," ती म्हणाली. "माह्यं डोकं मजबूत आहे. पण तू कोणाले त्याहीची जात सांगशीन तं माह्यं तोंड पाहू नोको."

मला हे तेव्हा पटलं नाही आणि आज मी मायपेक्षा म्हातारी झाले तरी पटत नाही. तिचं मन मोठं होतं, मान्य. पण मोठं मन दर वेळी आम्हीच काय म्हणून करायचं, हे मला कोणी सांगितलेलं नाही. तिच्या गप्प बसण्यानं ती बाई वाचली, तिची लेकरं वाचली, आणि गावाचा तो जुना धडा मात्र तसाच पुढं गेला, बिलासपूरच्या तोंडून, तेलंगी तोंडून. नंतर जे ट्रक आले त्यांना शिकवायला दूधवालीची गरज उरली नाही. पाच-सहा वर्षांत ओळी पक्क्या झाल्या. इतक्या मुलखांतली माणसं एका जागी आली, आणि आपापल्या भिंती बांधून बसली.

माय त्या पहिल्या खोलीतून हलली नाही. शेवटपर्यंत सकाळी सगळ्यांच्या आधी शेगडी पेटवायची, घरात रॉकेलची चूल आल्यावरसुद्धा. मी विचारायचे, आता कोणासाठी एवढा कोळसा. ती म्हणायची, पाणी तापते.

साहेब परवा बोलत होते तेव्हा मला उठून हे सगळं सांगायचं होतं. मी खुर्चीचा हात धरलाही. पण दंडावर मायची बोटं आहेत असं वाटलं आणि बसून राहिले. म्हणून त्या घराची जात मी इथंही लिहिलेली नाही, कोणी विचारू नये. ओंजळीविषयी लिहू नको असं मात्र मायनं कधी म्हटलं नव्हतं. ती मी लिहिली.